स्वतः लिहून, स्वतः गाऊन पहिला मराठी अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचे शब्द, स्वतःची चाल आणि स्वतःचा आवाज घेऊन पहिला अल्बम काढू पाहणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न गाणं लिहिण्याचे आहेत, पुढचे रेकॉर्डिंगचे, हक्कांचे आणि वितरणाचे. कायद्याचे सगळे मुद्दे भारतातल्या कॉपीराइट कायदा, १९५७ आणि त्याच्या २०१२ च्या दुरुस्तीला धरून आहेत. मोठ्या करारावर सही करायची असेल तर हे पान वाचा, पण वकिलालाही कागद दाखवा.

१. सिंगल, ईपी आणि अल्बम यांत नेमका फरक काय? मी कशापासून सुरुवात करू?

ॲपल म्युझिकच्या वर्गवारीत एक ते तीन गाणी, प्रत्येक दहा मिनिटांच्या आत आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, असं असेल तर सिंगल. चार ते सहा गाणी आणि एकूण वेळ अर्ध्या तासाच्या आत असेल तर ईपी. त्यापुढचा अल्बम.

माझं मत विचाराल तर आधी दोन सिंगल काढा आणि मग सात-आठ गाण्यांचा अल्बम. सिंगल काढताना वितरण, नावं, हिशेब या गोष्टींचा सराव होतो, आणि तोवर बाकीची गाणी लोकांसमोर गाऊन घासूनपुसून घेता येतात. चौदा गाणी तयार असली तरी चौदाच्या चौदा घालण्याची घाई करू नका.

२. मराठीत कवी वेगळा, संगीतकार वेगळा आणि गायक वेगळा असतो. एकट्याने सगळं करणं आपल्याकडे चालतं का?

चालतं, आणि फार पूर्वीपासून चालत आलं आहे. नामदेव-तुकारामांचे अभंग कीर्तनात उभे राहून गाण्यासाठीच रचलेले आहेत. शाहीर राम जोशी (१७६२–१८१२) लावण्या रचत आणि सादरही करत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या पिढीतही शाहिराचा शब्द आणि शाहिराचा गळा एकच होता. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तर आयुष्यभर स्वतः लिहीत आणि स्वतः गात गावोगाव फिरले. आज ज्याला ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणतात तो माणूस मराठीला नवा नाही.

कवी, संगीतकार आणि गायक ही विभागणी रूढ झाली ती रेकॉर्ड, रेडिओ, भावगीत आणि सिनेमा यांच्या काळात. त्या पद्धतीने मराठीला अप्रतिम गाणी दिली, यात शंका नाही. पण ती एकच पद्धत खरी, असं मानून स्वतःला अर्धवट समजण्याचं कारण नाही.

३. मी रागदारी शिकलेलो नाही, पेटीही येत नाही. चाल बांधता येईल का?

येईल. फोनवर गुणगुणून ठेवलेली चालही चालच असते. मात्र दोन गोष्टी शिकून घ्या. पहिली, आपली पट्टी, म्हणजे आपला ‘सा’ पेटीच्या कुठल्या काळ्या किंवा पांढऱ्या सुरावर धरायचा ते. पुरुषांची पट्टी साधारण काळी एक ते काळी दोन आणि बायकांची काळी चार ते काळी पाच धरतात, पण तुमचा गळा या चौकटीत बसेलच असं नाही. ओळीतला सर्वांत खालचा स्वर ऐकू येईल आणि सर्वांत वरचा किंचाळल्यासारखा लागणार नाही, अशी पट्टी प्रत्येक गाण्यासाठी वेगळी शोधा. अल्बमातली सगळी गाणी एकाच पट्टीत असली की चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत कान थकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ठेका. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा आणि रूपक सात मात्रांचा. एवढे तीन टाळीवर धरता आले तरी साथीदारांशी बोलणं सोपं होतं.

४. आधी शब्द लिहावेत की आधी चाल बांधावी?

दोन्ही वाटांनी चांगली गाणी झाली आहेत. अडचण येते ती शब्द आणि चाल एकमेकांवर बसवताना, आणि मराठीत ही अडचण काही ठरावीक जागी हमखास येते.

सगळ्यांत मोठी जागा ओळीच्या शेवटची. आपण ‘घर’ लिहितो, पण बोलताना र वर थांबतो. चालीत त्या जागी लांब स्वर असेल तर गाताना ‘घर’चं ‘घरा’ होतं, ‘मन’चं ‘मना’ होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की घराला किंवा मनाला हाक मारली आहे. समजा, ओळ अशी आहे: ‘पाऊस थांबला, भिजलं घर’. शेवटच्या शब्दावर चाल चार मात्रा थांबते. गाऊन पाहा, ‘घरा’च ऐकू येईल. आता हीच ओळ ‘पाऊस थांबला, पागोळ्या राहिल्या’ अशी करा. आता शेवटी आकार आहे, त्यावर स्वर हवा तितका लांबवा. शिवाय भिजलेल्या घरापेक्षा पागोळ्या डोळ्यांपुढे चटकन उभ्या राहतात. चालीसाठी शब्द बदलावा लागला की तो नाइलाज समजू नका, पुष्कळदा त्यातूनच बरी ओळ हाती लागते.

दुसरी जागा म्हणजे ‘माझं’ की ‘माझे’, ‘केलं’ की ‘केले’. गाताना एकार मोकळा लागतो म्हणून बरेच जण लांब स्वरावर ‘माझे’ गातात आणि पुढच्याच ओळीत ‘माझं’ म्हणतात. एका गाण्यात एकच वळण ठेवा. तुमच्या घरची बोली अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी असेल तर त्या बोलीत जरूर लिहा, पण मग पूर्ण लिहा. दोन शब्द चवीपुरते टाकले की तो देखावा वाटतो.

तिसरी जागा लघु-गुरूची. सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, जिथे पडते तिथे शब्दाचं जोराचं, शक्यतो दीर्घ अक्षर यावं. ‘कवितेत’ सारख्या शब्दात सम ‘क’वर आली तर ओळ लंगडते, ‘ते’वर आली तर पावलात पाऊल पडतं. ओळ आधी टाळीवर नुसती म्हणून पाहा, चाल न लावता. अडखळलात तर दोष ओळीत आहे, गळ्यात नाही.

५. विषय सुचत नाहीत. सगळं प्रेम आणि आठवणींभोवतीच फिरतं. काय करू?

प्रेम आणि आठवणी हे विषय कधी संपत नाहीत, ते अंधुक लिहिले की संपल्यासारखे वाटतात. ‘तुझी आठवण येते’ ही ओळ कुणाचीही असू शकते. ती आठवण कुठल्या वस्तूला, कुठल्या वेळेला, कुठल्या वाक्याला चिकटलेली आहे ते लिहिलं की गाणं तुमचं होतं.

आणि ऐका. जात्यावरच्या ओव्या ऐकण्याचा आग्रह मी प्रत्येकाला करतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्यांतल्या कितीतरी ओव्या आवाजासह लोकांपुढे आणल्या आहेत. माहेर, भाऊ, पीक, बाबासाहेब, विठ्ठल, सासूचा जाच, सगळं दोन-दोन ओळींत येतं. गाणारी कुणाशी बोलते आहे हे पहिल्या चार शब्दांत कळतं. आपलं गाणं कुणाशी बोलतंय, हा प्रश्न तिथून शिकून घ्यावा. तिथली ओवी जशीच्या तशी घ्यायची असेल तर गाणारीचं नाव नोंदलेलं असतं. परवानगी मागा आणि श्रेय द्या.

६. प्रेरणा कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते?

कल्पना कुणाच्या मालकीची नसते, तिची मांडणी असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितलं. तो वाद नाटक आणि सिनेमा यांच्यातला होता, पण तत्त्व गाण्यालाही लागू पडतं. राग, ताल, सर्रास वापरल्या जाणाऱ्या कॉर्डच्या साखळ्या, ‘पावसात भेटलेली दोघं’ हा प्रसंग, हे सगळ्यांचं. ओळखू येणारी सुरावट आणि नेमके शब्द ज्याचे त्याचे.

आपण मुद्दाम उचललं नाही, एवढं म्हणून सुटका होत नाही. १९७६ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘बीटल्स’मधल्या जॉर्ज हॅरिसन यांच्याविरुद्ध निकाल दिला तो याच मुद्द्यावर: जुनी सुरावट नकळत मनात राहून गाण्यात उतरली, तरी ते उल्लंघनच ठरलं. म्हणून चाल फार सहज, एका झटक्यात सुचली असेल तर ती शब्दांशिवाय गुणगुणून भरपूर गाणी ऐकणाऱ्या दोघा-तिघांना ऐकवा. ‘हे कुठेतरी ऐकलंय’ असं दोघांनी म्हटलं, तर गाण्याचं नाव आठवेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवा.

७. मला एका प्रसिद्ध कवीची कविता चाल लावून अल्बमात घ्यायची आहे. चालेल का?

कवीच्या निधनाचं वर्ष बघा. भारतात कवितेवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. दोघांच्या कविता खुल्या आहेत. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कविता २०१७ पासून खुल्या झाल्या. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. सुरेश भट २००३ साली गेले, म्हणून २०६३ अखेरपर्यंत.

एक अपवाद लक्षात ठेवा. कविता कवीच्या निधनानंतर पहिल्यांदा छापली गेली असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांचा पहिला संग्रह १९५२ साली आला. त्या संग्रहातल्या कवितांची मुदत २०१२ अखेर संपली. पुढे कधी नवी कविता उजेडात आली असेल तर तिचं वर्ष वेगळं.

कविता खुली असली तरी तिला आधी कुणी लावलेली चाल खुली असेलच असं नाही. कायद्यात शब्द आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती आहेत. तुकारामांचा अभंग कुणीही गावा, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने त्याला दिलेली चाल घ्यायची तर त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते. परवानगी लेखीच घ्या, फोनवरचं ‘गा की’ पुरेसं नाही.

८. एखादं जुनं लोकप्रिय गाणं कव्हर म्हणून घातलं तर अल्बम जास्त ऐकला जाईल ना?

पहिल्या अल्बमात घालू नका, असंच मी सांगेन. कायद्याच्या कलम ३१ सी मध्ये कव्हरची, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः पुन्हा गाऊन रेकॉर्ड करण्याची, तरतूद आहे, पण मूळ गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं जावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. नवख्या कलाकाराला हे झेपणारं नाही. परभाषेतल्या गाण्याचं मराठी रूपांतर करण्यासाठीही परवानगी लागतेच.

९. मित्राने चाल सुधारून दिली आणि गिटारवाल्याने सुरुवातीची सुरावट सुचवली. ते गाण्याचे भागीदार होतात का?

ठरवलं तर होतात. न ठरवताही होऊ शकतात, आणि भांडणं तिथेच होतात. ठरलेलं मानधन घेऊन वाजवणारा वादक त्यामुळे संगीतकार होत नाही, पण सुरावट त्याने रचली असेल तर तो दावा करू शकतो. त्याच संध्याकाळी एक कागद करा: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, हिस्सा किती टक्के, आणि सगळ्यांच्या सह्या. मैत्री आहे म्हणून कागद नको, असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो की मैत्री आहे तोवरच तो करून घ्या.

रेकॉर्डिंगचा मालक कोण, हा प्रश्न वेगळा. कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली त्याचा. मित्राने स्वतःच्या स्टुडिओत फुकट रेकॉर्ड करून दिलं असेल तर निर्माते तुम्ही आहात, हेही त्याच कागदावर लिहा.

१०. गाण्यांची सरकारी नोंदणी करावीच लागते का?

सक्ती नाही. गाणं कागदावर किंवा रेकॉर्डिंगमध्ये उतरलं की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणीचा उपयोग पुराव्यासाठी. शब्दांसाठी ५०० रुपये, संगीतासाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. सगळ्या गाण्यांना जमणार नसेल तर निदान डेमोच्या तारखेसह फाइली, कच्च्या वह्या आणि साथीदारांना पाठवलेले मेल जपून ठेवा.

११. घरी रेकॉर्ड केलेला आवाज चालेल का? स्टुडिओ परवडत नाही.

आवाज आणि गिटार घरी छान होतं. तबला, ढोलकी, पखवाज यांना खोली चांगली लागते. पैसे तिथे खर्च करा.

घरी रेकॉर्ड करताना खोलीत गाद्या, गोधड्या, कपड्यांचं कपाट असू द्या, उघड्या भिंती आवाज परत फेकतात. पंखा बंद. फाइल २४ बिटची ठेवा. आवाजाची पातळी उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या, शून्याला टेकवू नका. माइकपासून वीतभर लांब राहा आणि पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) लावा. प, फ, ब, भ उच्चारताना हवेचा झोत बाहेर पडतो, आणि ‘भिजलं’, ‘पाऊस’, ‘फुलं’ या शब्दांशिवाय आपलं गाणं होत नाही! माइक तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित बाजूला वळवला की झोत निघून जातो आणि आवाज तेवढा राहतो. स, श जास्त टोचत असतील तरी हाच उपाय आधी करा.

१२. मिक्सिंग आणि मास्टरिंग वेगळं करून घ्यावं लागतं का?

हो. मिक्सिंगमध्ये एका गाण्यातले आवाज एकमेकांत बसवतात, मास्टरिंगमध्ये सगळ्या गाण्यांची पातळी आणि पोत जुळवतात. शक्यतो मास्टरिंग दुसऱ्या कानांकडून करून घ्या. गाणं ठणठणीत मोठं करण्याचा आग्रह नको, कारण स्पॉटिफाय मोठं गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (कानाला गाणं किती मोठं लागतं त्याचं माप) खाली आणतं आणि मग त्यातली चढउतार तेवढी हरवलेली दिसते. निघताना प्रत्येक गाण्याचा गायनाविना ट्रॅक मागून घ्या. कार्यक्रमात लागतो.

१३. गाण्यांचा क्रम कसा ठरवू?

सगळ्यांत जोरदार गाणं पहिलं, हा नियम नाही. पहिल्या गाण्याने तुमचा आवाज आणि तुमची भाषा ओळखीची करून द्यावी. एकाच ठेक्याची, एकाच पट्टीची दोन गाणी लागोपाठ नकोत (पट्टीसाठी प्रश्न ३ पाहा). मग सगळा अल्बम फोन खाली ठेवून एका बैठकीत ऐका. जिथे पुढचं गाणं लावावंसं वाटलं, तिथे क्रम चुकला आहे किंवा ते गाणं गाळायचं आहे.

१४. वितरकाकडे गाणी देताना काय काय भरावं लागतं? आयएसआरसी म्हणजे काय?

आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकी क्रमांक. बहुतेक वितरक, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपन्या, तो स्वतःच देतात. आधी सिंगल म्हणून आलेलं गाणं अल्बमात तेच रेकॉर्डिंग असेल तर तोच क्रमांक भरा, म्हणजे आधीची ऐकणी त्याच गाण्यावर राहतात. नवा क्रमांक लागतो तो नव्या रेकॉर्डिंगला, म्हणजे मैफलीतल्या किंवा रिमिक्स केलेल्या रूपाला. संपूर्ण अल्बमचा क्रमांक, म्हणजे यूपीसी, वेगळा असतो.

भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा, घाईत हिंदी राहून जातं. गीतकार आणि संगीतकार हे रकाने वेगवेगळे असतात. दोन्ही ठिकाणी तुमचंच नाव असलं तरी दोन्ही भरा, आणि ते सगळीकडे एकाच वर्णलेखनात भरा. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी पैसे दुसऱ्या खात्यावर अडकतात. प्रकाशनाची तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी द्यावं लागतं.

१५. ऐकणाऱ्यांकडून पैसे येतात तरी कसे? आयपीआरएसचं सदस्यत्व घ्यावं का?

पैशाच्या वाटा दोन. रेकॉर्डिंगचे पैसे वितरकामार्फत निर्मात्याकडे येतात. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं गेलं की एक ऐकणं मोजतात, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० ऐकणी झालेल्या गाण्यालाच तिथे पैसे मिळतात. दुसरी वाट गीतकार-संगीतकार म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीची, आणि ती वितरकाकडून येत नाही. त्यासाठी आयपीआरएस ही १९६९ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली संस्था आहे. सदस्य व्हा आणि प्रत्येक गाणं हिश्शांसह नोंदवा. प्रश्न ९ मधला कागद इथे कामी येतो. शब्द आणि चाल दोन्ही तुमची असतील तर दोन्ही हिस्से तुमचे. ते सोडून देणारे कितीतरी जण मी पाहतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

१६. एक कंपनी अल्बम घ्यायला तयार आहे, पण ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलंय. सही करू का?

लगेच नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा करारानेही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि कंपनीने वर्षभर हक्क वापरलेच नाहीत, तर ते परत येतात. ‘कायमचे’ हा शब्द घालण्यामागचं कारण हेच.

मागायचं ते असं: मुदत पाच ते सात वर्षं, फक्त ध्वनिमुद्रणाचे हक्क, शब्द-संगीताचे तुमच्याकडेच, आणि मैफलीत आपली गाणी गाण्याला कुठलीही आडकाठी नाही. ‘सगळे असंच सही करतात’ हे उत्तर मिळालं तर कागद घरी घेऊन या. आठ दिवस थांबायला जी कंपनी तयार नाही, ती पुढे हिशेब द्यायलाही तयार नसते.

१७. गाणं खऱ्या माणसावर लिहिलंय. नाव ठेवू का?

गौरवाचं गाणं असेल आणि ती व्यक्ती हयात असेल तर ऐकवून विचारा. दुखावणारं असेल तर नाव, गाव, धंदा, ओळख पटेल असं सगळं बदला. बदनामीचा दावा गाण्यावरही होऊ शकतो. नाव काढल्यावर गाणं कोसळत असेल, तर ते अजून लिहून झालेलं नाही.

१८. अल्बम आला, आणि आता एका ओळीतला शब्द बदलावासा वाटतोय. बदलता येतो का?

बदलता येतो, पण पुन्हा गायलेलं रेकॉर्डिंग नवं ठरतं. म्हणून आयएसआरसी नवा घ्यावा लागतो आणि जुन्या रेकॉर्डिंगची ऐकणी त्याच्याबरोबर येत नाहीत (प्रश्न १४ पाहा). उच्चाराची किंवा वस्तुस्थितीची चूक असेल तर पहिल्याच आठवड्यात बदला. नुसती ओळ आणखी चांगली सुचली असेल तर मैफलीत नवी ओळ गा, आणि मैफलीचं रेकॉर्डिंग कधी काढलंत तर ती तिथे राहू द्या.